लांबी

कॅम्पाच्या मैदानात फक्कीने चौकोन आखले
आणि प्रत्येक चौकोनात एकेक म्हातारी आणून उभी केली.
वीस रुपये तिकीट. पोरांना फुकट.
सगळे पैसे ग्रामीण रुग्णालयाच्या डायलिसिस मशीनला,
असं माईकवरचा आरोंदेकर मास्तर
दर पाच मिनिटांनी सांगतोय,
मधेच कुणाचा तरी चष्मा सापडल्याचंही.

मी तिकीट काढूनच आत आलो.
खरं तर यांतल्या नऊ गाड्यांना
मी पोटाखालून ओळखतो.

ती हिरवी फियाट, खानोलकरांची.
लोक तिच्या दिव्यांपुढे वाकून फोटो काढतायत.
डाव्या दारात, खाली, घोट्याच्या उंचीवर
दुबईहून आलेल्या बिस्किटांच्या डब्याचा पत्रा आहे.
आतल्या अंगाला छापील गुलाब अजून असतील.
मी ते घासले नव्हते.

त्या अँबेसेडरचा तळ म्हणजे
होडीला मारतात तो फायबर, दोन हात,
नवाबागच्या धक्क्यावर उरलेला.
पूर आला तर ही आधी तरंगेल,
असं मी बाबी गिरपांना म्हणालो होतो.
ते हसले नव्हते. गाडी बापाची होती.

खारा वारा पत्रा खातो.
घाटावरच्या माणसाला हे सांगून कळत नाही.
तिथे गंज म्हणजे डाग.
इथे तो भाडेकरू:
आधी एक कोपरा मागतो, मग पडवी,
मग एक दिवस तुम्ही ब्रेकवर पाय ठेवता
आणि खाली रस्ता दिसतो.

पोरांची झुंबड त्या जीपभोवती.
शिरोड्याचे सॅव्हियो आणि तन्वीर, दोघांचं वय मिळून चाळीस.
त्यांनी ती कापून रुंद केली, ट्रॉलरचा भोंगा बसवला,
बॉनेटवर सुरमईचं तोंड रंगवलं, दात सोनेरी.
मी वेल्डिंगवरून बोट फिरवलं.
एके ठिकाणी टाचणीएवढं भोक. सांगितलं.
"काका, ता दिसणा नाय."
तुमका दिसणा नाय, म्हटलं. वाऱ्याक दिसता.

कॉन्टेसाजवळ मात्र थांबलो.
काळी, नांगरलेल्या गलबतासारखी, वालावलकर शेठची.
मागच्या चाकावरचा वीतभर भाग
सगळा लांबी.
शाळेत लांबी-रुंदी शिकवली होती,
माझ्या हाताला नुसती लांबीच आली:
खड्ड्यात भरायची, वाळवायची, घासायची,
वरून रंग मारला की खड्डा नव्हताच कधी.
तीन दिवस. पाणकागद माझा.
त्याचे अकराशे रुपये अजून यायचेत.
वही आहे माझ्याकडे.

शेठनी पेटीत पाचशेच्या चार नोटा टाकल्या.
मास्तरने नाव घेतलं, टाळ्या झाल्या.
मीही वाजवल्या.
मंगळवारी आणि शुक्रवारी पहाटे
रोझलिनला मशीनला लावायला
मी बांबोळीची गाडी धरतो.
म्हणजे हिशेब बघितला तर...
नको. तो त्या वहीत मावत नाही.

पहिलं बक्षीस फियाटला गेलं.
परीक्षक पुण्याचे. म्हणाले, कमाल आहे,
कंपनीतून निघाली तश्शी, पत्रासुद्धा मूळचा.
खानोलकर गर्दीत मला शोधायला लागले.
मी शहाळ्यांच्या टेम्पोमागे गेलो.

उन्हं कलली, समुद्रावरून वारा सुटला.
गाड्यांवर कापडं चढली.
अँबेसेडर काही सुरू होईना.
चौघे ढकलत होते, मी पाचवा.
मडगार्डला हात लावला तर
आतून रंग फुगलेला, तूरडाळीएवढा.
नखाने दाबला. मऊ.

"काय झाला रे इनास?" बाबी आतून विचारतात,
स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून.

काय नाय. ढकलतंय.
नाताळाआधी हाडा एकदा.
ह्या वेळी लांबी नुको,
पत्रोच घालूया.